आमच्या घरचं गिराण

त्या काळात आमच्या ओट्यावर पाण्याचं एक पिंप होतं आणि त्यात पाणी नव्हतं. ठाण्याच्या कोळीवाड्यात नळाला पाणी आलं की हंड्यांवरून भांडणं लागायची. अशा ठिकाणी एक धडधाकट पिंप वाळू-दगड भरून नुसतं उभं करून ठेवायचं ही चैन होती, आणि आई ते रोज बोलून दाखवायची. पिंपावर लाकडी फळी ठोकलेली. फळीवर तीन खुंट्यांच्या मध्ये एक जाड गोल काच आणि त्या काचेवर तशीच दुसरी. मधे चिमूटभर कार्बोरंडमची भुकटी आणि थोडं पाणी घालून वरची काच पुढे-मागे घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती एकेक पाऊल सरकत राहायचं. अशाने वरची काच हळूहळू खोलगट होते, तिचा आरसा होतो आणि आरशाची दुर्बीण. वाचनालयात मला पानं सुटलेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलेलं, ते मी अकरावीच्या सुट्टीत बाबांना मराठीत वाचून दाखवलं. पुढच्या रविवारी बाबा मुंबईला जहाजं तोडतात त्या दारूखान्यात गेले आणि मोडीत निघालेल्या जहाजाच्या खिडकीच्या दोन काचा पोत्यात गुंडाळून घेऊन आले.

बाबांची होडी तेव्हा विकून झालेली होती. खाडीतल्या मासळीला रॉकेलचा वास यायला लागला तसे आमच्याकडचे बरेच जण कंपन्यांमध्ये लागले, बाबा वागळे इस्टेटमध्ये एका मशीनशॉपमध्ये. तिथे व्हॉल्व्ह घासायला हीच भुकटी वापरायचे, म्हणून हाताला सवय होती. संध्याकाळी कामावरून आले की चहा पिऊन ते काचेवर हात ठेवायचे. खर्र, खर्र, खर्र. भुकटी बारीक होत गेली तसा तो आवाजही बदलत गेला, शेवटी शेवटी तर तांदूळ धुतल्यासारखा नुसता सळसळायचा. शेजारची बाई आईला विचारायची, "तुमच्याकडं रोज काय दळण चालतंय गो?" आई म्हणायची, "चंद्र दळतंय." चेष्टा करायची, पण खाडीतल्या निवट्यांचं कालवण झालं की पहिली वाटी पिंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आणून द्यायची. मी ते कालवण आणि तांदळाची भाकरी उभ्याने खाल्लेली आहे, बोटांना लागलेल्या भुकटीसकट. दाताखाली कचकच यायची.

दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली ती याच पिंपाच्या संसारात. डोंबिवलीजवळच्या मोठागावची पोर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, सातवीनंतर शाळा सुटलेली. पहिले आठ दिवस तिने लांबूनच बघितलं. नवव्या दिवशी दुपारी दादा टेंपो घेऊन बाहेर गेलेला, आई बाजारात, मी घासत होते. ती आली आणि म्हणाली, "मालू, मना दे." आणि दिली तर सोडेना. माझ्यापेक्षा तिचा हात बरा होता. मी घाईत दाब द्यायचे. ती सगळीकडून सारखी फिरायची आणि मोठागावची लग्नातली गाणी म्हणायची, घासण्याच्या तालात. विचारायची सगळं. काच खोल झाली की चंद्र जवळ कसा येतो? जवळ आला तर मग तिकडचा कमी होतो का? मी सांगायचे, चुकीचंही बरंच सांगितलं असेन. आजवर मी जगातल्या बऱ्याच विद्यापीठांत शिकवलं. वहिनीसारखी विद्यार्थिनी मला मिळाली नाही, आणि हे मी कौतुकाने लिहीत नाही. चिडून लिहितेय. जिच्याकडे ती भूक होती तिच्या वाट्याला सातवी आली आणि ज्यांच्याकडे पदव्या होत्या त्यांच्याकडे काय होतं ते पुढे सांगते.

मी बारावीला होते तेव्हा ते मोठं सूर्यग्रहण आलं. खग्रास दिसणार होतं कारवारच्या बाजूला, पण आमच्याकडेही सूर्याची अगदी कोर राहणार होती. कॉलेजात फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर सुंदर आकृती काढली. सूर्य, चंद्र, पृथ्वी, गडद छाया, विरळ छाया, सगळं रंगीत खडूंनी. तास संपल्यावर मी त्यांना विचारलं की शनिवारी गच्ची उघडी मिळेल का, आमची दुर्बीण आणते, प्रतिमा कागदावर पाडून सगळ्यांना दाखवता येईल. आरशाला अजून मुलामा दिलेला नव्हता, तशी कोरी काच सूर्यासाठी उलट बरी. सर माझ्याकडे बघून हसले. "अगं, त्या दिवशी कॉलेजला सुट्टी आहे. आणि तूही घरीच थांब. मुलींनी तर थांबावंच. आपले पूर्वज काय वेडे होते?" मी फळ्याकडे बघितलं. आकृती अजून पुसलेली नव्हती. सरांनी स्वतःच डस्टर घेतलं आणि पुसली.

शनिवार उजाडला तो कर्फ्यूसारखा. स्टेशनकडून एरवी येणारा गलका नाही, मासळीबाजार बंद, गल्लीत कुत्रीसुद्धा कमी. लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून टीव्हीवर मुद्दाम सिनेमा लावलेला, आणि ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरात अर्धा कोळीवाडा दारं लावून बसलेला. आईने सकाळीच स्वयंपाक उरकून भांडी पालथी घातली, पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं टाकली, विळी आणि कोयता माळ्यावर टाकला. वहिनीला सातवा महिना होता. पुढच्या आठवड्यात तिला माहेरी न्यायला येणार होते. तिला आतल्या भिंतीशी चटईवर सरळ झोपवलं. हात जुळवायचे नाहीत, पाय दुमडायचे नाहीत, अंग खाजलं तरी खाजवायचं नाही. दादा टीव्हीवाल्या घरी गेलेला. मी आणि बाबांनी ओट्यावर दुर्बीण उभी केली. पत्र्याची नळी, लाकडी पाय, नळीच्या तोंडाशी उजेड बाजूला वळवणारा एक छोटा तिरका आरसा, आणि डोळा लावायला एका फुटक्या बायनॉक्युलरमधलं भिंग.

"बाहेर काय करायचं ते करा," आई दाराच्या आतून म्हणाली. "दार उघडायचं नाय."

आम्ही पुठ्ठ्यावर सूर्य पाडला. बशीएवढा, कडा थरथरणारा, आणि त्याच्या एका बाजूने काळा घास घेतलेला. बाबा पुठ्ठा धरून उभे होते. त्यांनी आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलं नसावं, मीही नव्हतं. उन्हाचा रंग बदलत चालला. पितळेसारखा झाला, मग मातकट. पिंपाची सावली चाकूने कापल्यासारखी धारदार झाली. कावळे भलत्या वेळी झाडांवर परतले. तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला.

"मालू, काय दिसतंय गो?"

"तू झोप," आई म्हणाली.

"मी निजलीच हाय. विचारतंय फक्त. मालू, काय दिसतंय?"

मी सांगत गेले. अर्धा गेला. आता चतकोर उरला. आता नखाएवढा. मग वहिनी म्हणाली, "मीपण घासलाय तो आरसा. दार उघड."

आई म्हणाली, "येडी झालीस का? पोटात पोर हाय."

"मी भायेर जात नाय, आई. निजल्या जागेवरून बघतंय. भिंतीवर पाड म्हणावं तिला."

आणि मी दार उघडलं. बाबांनी नळी जराशी वळवली, मी पुठ्ठा काढला, आणि सूर्याची ती बारीक कोर आमच्या आतल्या भिंतीवर, देव्हाऱ्याच्या वर जाऊन पडली. आईने वहिनीच्या डोळ्यांवर पदर धरला. वहिनीने तो हाताने बाजूला केला. उठली नाही, नुसती मान वळवली. आपण भिंतीवरचा कवडसा बघतो तसा तिने तो बघितला. "कसं चमकतंय गो," इतकंच म्हणाली. आईसुद्धा बघत होती. ते मी विसरलेले नाही. आईचा पदर हातातच राहिला आणि ती बघत होती. मग तिला भान आलं आणि तिने दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने ऊन परत आलं, गल्लीतून "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी आली, आईने घरातलं सगळं पाणी ओतून दिलं आणि सगळ्यांना डोक्यावरून आंघोळ करायला लावली. एवढंच झालं. ताऱ्याचा उजेड होता, दोनदा आरशावर आपटून चुन्याच्या भिंतीवर पडलेला. सकाळी केस विंचरताना आरशातून जेवढा उजेड तोंडावर पडतो त्याहूनही कमी.

आंब्यांच्या दिवसांत मोठागावहून निरोप आला. मुलगी झाली, आणि वरचा ओठ चिरलेला आहे. टाळूही.

मी आईबरोबर डोंबिवलीच्या त्या दवाखान्यात गेले. वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. पोरगी कापडात, नाकाखाली लाल फट, आणि वहिनीची आई बोंडल्याने दूध घालत होती ते नाकातून परत येत होतं. मी माझी बोटं तिच्या मुठीत दिली, तिने धरली. खूप ताकद होती. डॉक्टर आले. उंच, गोरे, पांढरा कोट, खोलीतल्या सगळ्या बायका त्यांना बघून उभ्या राहिल्या. आईने हात जोडले आणि विचारलं, "डॉक्टर, गिराणात बघितलं म्हणून झालं ना हे?"

आता हा माणूस सांगेल, असं मला वाटलं. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत म्हणाले, "झालं ते झालं. पुढच्या वेळी काळजी घ्या."

मी म्हटलं, "डॉक्टर, ओठ कितव्या महिन्यात जुळतो?"

त्यांनी वर बघितलं. "ही कोण?"

"आत्या आहे बाळाची," आई म्हणाली. "शिकते."

"मग अभ्यास कर. मोठ्यांच्या मधे बोलू नये."

ते बाहेर पडले तशी मी त्यांच्या मागे गेले. जिन्याजवळ त्यांना गाठलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला त्यांचं उत्तर आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं, कारण ते अजिबात रागावले नाहीत. हसून, आपलेपणाने बोलले. "दुसऱ्या महिन्यातच ठरतं ग ते. ग्रहणाशी काही संबंध नाही. पण या लोकांना सांगून उपयोग असतो का?" आणि माझ्या खांद्यावर थोपटून खाली उतरले.

या लोकांना. मी त्यांच्यासमोर उभी होते, माझ्या आईची मासळीची पाटी जिन्याखाली ठेवलेली होती, आणि मी शिकते म्हणून त्यांनी मला त्या लोकांतून काढून आपल्या बाजूला घेतलं. त्यांना ठाऊक होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पांढऱ्या कोटातल्या माणसाने ती दोन वाक्यं माझ्या आईला तिथल्या तिथे सांगितली असती तर तिने ऐकली असती. तिने त्यांना हात जोडलेले होते. पुढे जे जे झालं त्यासाठी मी माझ्या आईला, भावाला, कोळीवाड्याला केव्हाच माफ करून बसले. त्या डॉक्टरला नाही. फळा पुसणाऱ्या सरांना नाही. ज्याला माहीत नाही त्याच्यावर कुठवर चिडणार? ज्याला माहीत आहे आणि जो समोरच्याला सांगण्याच्या लायकीचं समजत नाही, त्याच्यावर मी म्हातारपणीही चिडलेली आहे आणि तो राग जावा अशी माझी इच्छासुद्धा नाही.

मी घरी येऊन आईला सांगितलं. डॉक्टर मला असं असं बोलले म्हणून. आई म्हणाली, "मग मना का नाय बोलले?" त्याच आठवड्यात दादाने दुर्बीण उचलली. मी अडवायला गेले तर त्याने मला ढकललं, मी पिंपावर आदळले. नळी त्याने खांद्यावर घेतली, आरसा त्यातच होता, आणि जेटीवर जाऊन भरतीच्या पाण्यात टाकून दिली. माणसं बघत होती. कोणी म्हणालं, बरं केलंस. बाबा कामावरून आले तेव्हा ओट्यावर नुसतं पिंप होतं. पिंपातले वाळू-दगड त्यांनी गल्लीच्या टोकाला नेऊन टाकले, पिंप घासून धुतलं आणि नळाखाली लावलं.

मे महिना सरत आला तरी दादा बायको-पोरीला आणायला गेला नाही. घरात कुजबुज सुरू झाली. आमच्या आत्याबाई येऊन आईच्या कानाशी बसायच्या. एका दुपारी मी कोणाला न सांगता मोठागावला गेले. वहिनी खाडीच्या बाजूच्या पडवीत पोरीला मांडीवर उभी धरून दूध पाजत होती. असं उभं धरलं की कमी सांडतं, हे तिने स्वतःच शोधून काढलेलं. मला बघून ती रडली नाही. मी तिला दुसऱ्या महिन्याचं सांगितलं, पुस्तकातलं चित्र दाखवलं. तिने चित्र नीट बघितलं. बोट ठेवून विचारलं, "ही फट अशी सगळ्यांनाच असते पहिल्यांदा?"

"सगळ्यांनाच. मग जुळते. कधी कधी नाही जुळत."

"कोणाचं काय चुकलं म्हणून नाय?"

"नाही."

तिने पोरीचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुझ्या भावाला दुसरी बघतायत. मना कळलंय. मी गिराण बघायला मागितलं म्हणून मी अवदसा. पोर पण अवदसा." आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मालू, मी सांगणार हाय की तू मना उठवलंस. मी नको नको बोलत होते, तू हात धरून उठवलंस आणि बघायला लावलंस. तू शिकणार, भायेर जाणार. तुना काय? मना तिथंच राहायचंय. तू नाय म्हणू नकोस."

मी तिथून उठून खाडीपर्यंत चालत गेले आणि परत आले. चिखलात पाय भरले. डोकं फुटेल असा राग आला होता आणि तो मारायला समोर होती ती एकोणीस वर्षांची मुलगी, जिच्या छातीचं दूध पोरीच्या नाकातून वाहत होतं. मी म्हटलं, "सांग."

पुढच्या रविवारी तिचे वडील तिला घेऊन आमच्या ओट्यावर आले. चार वडीलधारी बसलेली. वहिनी दाराशी उभी, पदराखाली पोरगी. ठरल्याप्रमाणे ती बोलली. बोलताना तिचा आवाज जराही अडखळला नाही, ते मला लागलं. "मी निजलेली होते. मालूने हात धरून उठवलं. मी नको बोलत होते." सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. आत्याबाईंनी विचारलं, "खरं का गो माले?"

आई तिथे होती. तिने स्वतः पदर धरला होता, तिने सगळं बघितलं होतं, आणि तिने नजर खाली घातली. तिलाही सून-नात घरात यायला हवी होती, आणि मला वाटतं, आपण स्वतः बघितलं हे तिला कोणासमोर यायला नको होतं. बाबा खांबाला टेकून बसलेले. भिंतीकडे नळी वळवणारे हात त्यांचे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. एकदा तरी म्हणा, मी मनात म्हणत होते, एकदा तरी म्हणा की असं झालं नाही, आणि झालं असतं तरी त्याने काही झालेलं नाही. बाबा आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिले.

"हो," मी म्हटलं. "खरं आहे."

दादा उठला, त्याने पोरीला घेतलं आणि आत गेला. वहिनी माझ्या शेजारून गेली. तिचा पदर माझ्या हाताला लागला. बस्स.

जूनमध्ये निकाल लागला आणि मी पुण्याला गेले. स्टेशनवर बाबा ट्रंक घेऊन आले होते. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं ट्रंकेच्या दोन बाजूंना उभे होतो आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. पुढे वर्षभर बोलले नाही. मुलाखती घेणारे मला विचारतात, कोळीवाड्यातल्या मुलीला आकाशाची ओढ कशी लागली? त्यांना ऐकायचं असतं की लहानपणी होडीत झोपून मी तारे मोजायचे. मी कधी मोजले नाहीत. मला घरातून बाहेर पडायचं होतं, आणि जिथे खरं बोललेलं तोंडावर पुसलं जाणार नाही असं एखादं ठिकाण हवं होतं. वसतिगृहात इतर मुली आईच्या आठवणीने रडायच्या तेव्हा मी गणितं करायचे. रागाने माणूस फार चांगला अभ्यास करतो, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. एमएस्सी झाली, परदेशात पीएचडी झाली, आणि दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह शोधायचा नाद मी धरला तेव्हा तो करिअरची माती करण्याचा खात्रीचा मार्ग समजला जायचा. माझे मार्गदर्शक म्हणाले, "असे ग्रह असतीलही, पण दिसणार नाहीत. दुसरा विषय घे." मी घेतला नाही. बोलू नये, हे मी आधी एकदा त्या दवाखान्यात ऐकून घेतलेलं होतं.

माझं काम समजायला सोपं आहे. तारा बघत बसायचं. त्याच्या समोरून त्याचा ग्रह गेला तर उजेड किंचित कमी होतो, अगदी किंचित, आणि ठरावीक काळाने पुन्हा तसाच कमी होतो. नव्वदचं दशक त्या तयारीत गेलं, उपकरणं बिघडण्यात आणि अर्ज नाकारले जाण्यात. त्या दशकातच पहिल्या अशा ग्रहांच्या बातम्या दुसऱ्या गटांकडून आल्या आणि माझ्यावर हसणारे हसायचे थांबले. आमच्या गटाला आमचा पहिला ग्रह सापडला तो त्यानंतर. मी घरी फोन केला. तोवर घरात फोन आलेला. आईने उचलला.

"आई, मला एक ग्रह सापडला. दुसऱ्या सूर्याचा."

"बघितलास तू?"

"दिसत नाही तो. तो आडवा आला की त्या सूर्याचा उजेड कमी होतो, तो बघितला."

आई म्हणाली, "म्हणजे गिराण."

"हो. गिराणच."

"अजून तेच करतेस काय गो," आई म्हणाली आणि फोन दादाच्या हातात दिला. मी ठेवून दिला. बाहेर सहकारी केक कापायला थांबले होते. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात जे काही ओरडायचं ते मराठीत ओरडून घेतलं.

पोरीचं नाव सुनंदा. बाबा तिला मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन जायचे. ओठाचं ऑपरेशन झालं, टाळूचं झालं, मग आणखी एक. ओठावर बारीक रेघ राहिली आणि बोलण्यात थोडं नाक. कोळीवाड्यात तिला बरीच वर्षं एका नावाने हाक मारायचे, ते मी इथे लिहिणार नाही. आता ती डोंबिवलीत शाळेत शिकवते, मोठ्या वर्गांना, आणि वर्ग तिला टरकून असतो म्हणतात. बाबा गेले, आई गेली, दादाही गेला. गेल्या वर्षी मी निवृत्त होऊन ठाण्याला आले आणि सुनंदाकडे गेले. वहिनी तिच्याकडेच असते. सुकट आणि भाकरीचं जेवण झालं, सुनंदा भांडी आवरत होती. मी वहिनीला म्हटलं, "आता कोणी उरलं नाही, वहिनी. आता तरी म्हण की दार तू उघडायला लावलंस."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. चष्म्याआड तिचे डोळे अगदी स्वच्छ होते. "काय म्हणतेस मालू? तू हात धरलास ना माझा. मी नको नको बोलत होते." तिने आपलं मनगट पुढे केलं आणि दुसऱ्या हाताने दाखवलं, इथे, असा धरलेला. ती खोटं बोलत नव्हती. तिला ते आठवत होतं. चाळीस-बेचाळीस वर्षं जे तिने प्रत्येकाला सांगितलं ते आता तिच्या मनगटालाही पटलेलं होतं.

मी उठले. पिशवी घेतली. काही बोलले असते तर फार वाईट बोलले असते. सुनंदा माझ्यामागे रस्त्यापर्यंत आली. रिक्षा मिळेना.

"आत्या, तिच्याशी नको भांडूस. ती खरंच मानते तसं."

"आणि तू?"

"मला खरं काय ते माहितेय. आजोबांनी सांगितलेलं. ऑपरेशनच्या वेळी, मी सहा वर्षांची असेन. सगळं सांगितलं, दार कोणी उघडायला लावलं, नळी कोणी वळवली, आणि त्याने काहीच झालेलं नाही, ते आधीच ठरलेलं."

म्हणजे बाबा बोलले होते. ओट्यावर चार माणसांसमोर नाही, स्टेशनवर माझ्यासमोर नाही. सहा वर्षांच्या पोरीला हॉस्पिटलच्या खाटेवर. मला इतका राग आला की रस्ता दिसेना.

"मग तू कधी कोणाला का नाही बोललीस?" मी विचारलं. मोठ्याने विचारलं असेन, कारण पानवाल्याने मान वळवली.

सुनंदा सावकाश बोलली. वर्गात एखाद्या मुलाला समजावताना बोलत असेल तशी. "आत्या, आईचं खरं मानलं तर तू दोषी होतीस. आजोबांचं खरं मानलं तर कोणीच नाही. शाळेत मुलं त्या नावाने हाक मारायची ना, तेव्हा मला कोणीतरी हवं असायचं. कोणीच नाही, हे मला तेव्हा झेपायचं नाही." तिने येणाऱ्या रिक्षाला हात केला. "मी रोज तुझ्यावर चिडायचे. मला त्याचा खूप उपयोग झाला."

रिक्षा आली. तिने वाकून रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, मला हाताला धरून आत बसवलं आणि म्हणाली, पुढच्या रविवारी ये, बोंबील करते. मी हो म्हटलं.